हात न लावता निवडायचे भांडे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी होती. हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांची विक्री आजवर प्रदर्शनातून किंवा दुकानातून होत आली. ती आता ऑनलाइन न्यायची तर काय करावे, कोठून सुरुवात करावी आणि कशाला जपावे, असे त्या पत्रांचे साधारण स्वरूप आहे. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रांतील प्रश्नापुरताच भाग येथे घेतला असून लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे चाक आणि भट्टी घरचीच आहे. सासरे चाकावर बसतात; झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, आणि भाजणी मी बघते. मला ऑनलाइन विक्री सुरू करायची आहे, पण सासरे म्हणतात, "हातात घेऊन, वाजवून पाहिल्यावाचून भांडे कोणी घेते का?" आमच्याकडे साठएक प्रकारची भांडी आहेत. ती सगळी एकदम विक्रीला लावावीत का? आणि सासऱ्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. ते खोडून काढण्याच्या भानगडीत न पडता त्याचाच कामाची यादी म्हणून उपयोग करावा, असे मी सुचवीन. पुढच्या प्रदर्शनात विक्री थोडा वेळ दुसऱ्या कोणावर सोपवून गिऱ्हाइकांच्या हातांकडे बघत बसा. कप उचलणारा माणूस आधी त्याचे वजन तोलतो, मग कपाच्या कानात बोटे घालून पाहतो, काठावरून अंगठा फिरवतो, कप उलटा करून बूड पाहतो आणि शेवटी टिचकी मारतो. हे सगळे पाच-सहा सेकंदांत उरकते आणि बहुतेक वेळा त्याचे त्यालाही कळत नाही. ऑनलाइन विक्रीत हीच माहिती तुम्हाला लिहून आणि दाखवून द्यावी लागते. ती दिली नाही, तर माणूस फोटो आवडूनही पुढे सरकतो.

म्हणून प्रत्येक भांड्याच्या वर्णनात ग्रॅममध्ये वजन, उंची, काठाचा आतला व्यास, कानात किती बोटे मावतात आणि बूड झिलई न लावलेले, खरखरीत आहे की घासून गुळगुळीत केलेले आहे, एवढे असलेच पाहिजे. किती मावते हे सांगताना एक चूक हमखास होते. काठोकाठ पाणी भरून ३०० मिलिलिटर मोजले जाते आणि तोच आकडा लिहिला जातो. प्रत्यक्षात काठोकाठ भरलेला कप कोणी उचलत नाही आणि वापरणाऱ्याला तो २५० मिलिलिटरचाच वाटतो. दोन्ही आकडे द्यावेत. मापे नेहमी भाजून निघालेल्या भांड्याचीच घ्यावीत. हे सांगण्याचे कारण असे की, चाकावर बसणाऱ्याच्या डोक्यात ओल्या मातीची मापे असतात आणि ओल्या अवस्थेपासून अखेरच्या भाजणीपर्यंत माती सर्वसाधारणपणे १० ते १३ टक्के आकसते. १२ टक्के आकसणाऱ्या मातीचा काठ भाजल्यावर ९ सेंटिमीटर हवा असेल, तर चाकावर तो सुमारे १०.२ सेंटिमीटर ठेवावा लागतो. प्रदर्शनात हा हिशेब डोळ्यांनी भागत होता. ऑनलाइन विक्रीत तो लिहिलेला आकडा होतो आणि गिऱ्हाईक पट्टी घेऊन बसलेले असते.

साठ प्रकार एकदम लावू नयेत. सहा ते आठ निवडावेत आणि निवडताना सर्वांत देखण्या भांड्यांच्या मोहात न पडता पुन्हा तसेच करता येणारे आणि प्रवास सोसणारे आकार घ्यावेत. त्याच आकाराचे पंचवीस नग सासऱ्यांकडून करून घ्या, सगळे मोजा, आणि व्यासात किती मिलिमीटरचा व वजनात किती ग्रॅमचा फरक पडतो ते टिपून ठेवा. मग वर्णनात "व्यास ८.८ ते ९.२ सेंटिमीटर" असे लिहिता येते. हाताने केलेल्या कामाला यात कमीपणा काहीच नाही. बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा या कुंभारांनी १९२० साली इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे जी कार्यशाळा उभी केली, तिने पुढे ठरावीक आकारांच्या रोजच्या वापरातील भांड्यांची एक मालिकाच चालवली. ती भांडी चाकावरच, पण ठरलेल्या वजनाच्या गोळ्यांतून आणि ठरलेल्या मापांना घडवली जात. छापील यादीवरून ती मागवताही येत असत. न पाहता भांडे मागवणे ही इंटरनेटने काढलेली टूम नव्हे, हे सासऱ्यांना सांगायला हरकत नाही.

एकमेव म्हणावीत अशी भांडी दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवा. कारण साधे आहे. पंचवीस सारख्या कपांना एकदाच फोटो, एकदाच वर्णन आणि एकदाच खोक्याचे माप लागते. पंचवीस वेगळ्या भांड्यांना हे सारे पंचवीस वेळा करावे लागते. शिवाय असे भांडे प्रदर्शनात मांडलेले असतानाच ऑनलाइन विकले गेले, तर दोघांपैकी एकाची माफी मागण्याची वेळ येते. एकमेव भांडी संकेतस्थळावर घातल्यावर ती दुकानाच्या फळीवरून उतरवून वेगळ्या कपाटात ठेवायची, हा नियम घरात सर्वांनी पाळावा.

वेळेबद्दलही सावध असावे. चाकावरून उतरलेले भांडे वाळणे, बूड खरडणे, कान जोडणे, पुन्हा सावकाश वाळणे, कच्ची भाजणी, झिलई आणि पक्की भाजणी यांत तीन ते चार आठवडे सहज जातात आणि हवा दमट असली तर जास्तही जातात. भट्टी अर्धी रिकामी पेटवणे परवडत नाही, म्हणून ती भरेपर्यंत थांबावे लागते. मागणीनुसार करून देणार असाल, तर सहा आठवडे सांगा आणि पाचव्या आठवड्यात पाठवा.

प्रश्न : आमच्या निळ्या झिलईच्या वाडग्याबद्दल दोन ग्राहकांनी "फोटोतला रंग वेगळा होता" अशी तक्रार केली. एकाने वाडगा परत पाठवला. फोटो मोबाइलवरच काढलेला आहे आणि त्यावर काहीही प्रक्रिया केलेली नाही. आमचे कोठे चुकले?

उत्तर : बहुधा उजेडात. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड आणि खोलीतला पिवळसर दिवा हे दोन्ही एकाच वेळी भांड्यावर पडले, की कॅमेरा त्यांतील एकाला पांढरा मानून जुळवून घेतो आणि दुसऱ्याचा रंग भांड्यावर चढतो. दिवे बंद करावेत, खिडकीच्या बाजूला भांडे ठेवावे आणि काचेवर पातळ पांढरे कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावावा. मग चकचकीत झिलईवर खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब उमटण्याऐवजी मऊ उजेडाचा पट्टा दिसतो. तो पट्टा पुसून टाकण्याचा अट्टहास करू नये, कारण झिलई चमकदार आहे हे पाहणाऱ्याला त्यावरूनच कळते. भांड्याशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून एक फोटो घ्या. पडद्यावर तो कागद पांढरा दिसत नसेल, तर वाडग्याचा रंगही खरा दिसत नाही असे समजावे. ग्राहकाच्या मोबाइलच्या पडद्यावर तुमचा ताबा नाही. पण निदान आपल्या बाजूची चूक काढून टाकता येते.

मात्र एक शक्यता अशीही आहे की फोटो बरोबर होता आणि वाडगाच वेगळा होता. झिलईचा रंग तिच्या घटकांइतकाच थराच्या जाडीवर, भट्टीतल्या जागेवर आणि आतल्या हवेवर ठरतो. तांब्याचा अंश असलेली झिलई भरपूर ऑक्सिजन मिळालेल्या भट्टीत हिरवी होते आणि ऑक्सिजनची ओढ लागलेल्या भट्टीत लाल होऊ शकते, हे तुम्ही जाणताच. तेवढा टोकाचा नसला तरी लहानसहान फरक प्रत्येक भाजणीत पडतो. अशा वेळी एकाच वाडग्याचा फोटो दाखवून दहा वाडगे विकणे हीच मूळ चूक ठरते. त्या भाजणीतला सर्वांत फिका, सर्वांत गडद आणि मधला असे तीन वाडगे शेजारी शेजारी मांडून फोटो घ्यावा आणि "यांच्या दरम्यानचा कोणताही येईल" असे स्पष्ट लिहावे. ज्याला ते चालत नाही तो घेणार नाही, आणि त्याने न घेणेच दोघांच्या सोयीचे आहे. वर्णनातही "सुंदर निळा" म्हणण्याऐवजी "काठावर झिलई पातळ होते तेथे तपकिरी, पोटावर निळा, बुडाकडे करडा" असे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभे राहते.

परत आलेला वाडगा मुकाट्याने स्वीकारावा. "हाताने केलेले असल्यामुळे फरक असणारच" हे वाक्य आपल्या व्यवसायात फार सैलपणे वापरले जाते. रंगातली छटा किंवा चाकाच्या रेषा यांना ते लागू पडते; डुगडुगणारे बूड, ओठाला टोचणारा काठ किंवा कानाच्या सांध्यातली चीर यांना लागू पडत नाही. तो माल दुय्यम आहे आणि विकायचाच असेल, तर दोषाचा फोटो देऊन दुय्यम म्हणूनच विकावा.

प्रश्न : दहा पार्सले पाठवली तर दोन-तीन फुटतात. प्रत्येक भांड्याला बबल रॅपचे भरपूर थर देतो, खोक्यावर "नाजूक" असे लाल अक्षरांत लिहितो, तरीही हे होते. कुरिअर कंपनी बदलून पाहिली, फरक पडला नाही.

उत्तर : कंपनी बदलून फरक पडला नाही यातच निम्मे उत्तर आले. मोठ्या वर्गवारी केंद्रांत पार्सल पट्ट्यावरून सरकते, घसरणीवरून खाली येते आणि त्याच्यावर दुसरी पार्सले पडतात. त्या पट्ट्याला लाल अक्षरे वाचता येत नाहीत. "नाजूक" जरूर लिहा, पण ते लिहिलेलेच नाही असे समजून बांधणी करा.

भांडे फुटण्याची कारणे तीनच. ते खोक्याच्या भिंतीपर्यंत पोहोचते, ते दुसऱ्या भांड्याला भिडते, किंवा त्याच्या पुढे आलेल्या नाजूक भागावर सगळा भार येतो. भांड्याला भांडे लागले की आवाज होणारच, असे आपण घरातल्या कुरबुरींबद्दल हसून म्हणतो. खोक्यात मात्र तो आवाज झाला की व्यवहार संपला. तुमचे थर भरपूर असतीलही, पण ते भांड्याच्या पोटाभोवती असावेत आणि कान मोकळा राहत असावा, असा माझा अंदाज आहे. हा अंदाज स्वानुभवातून आलेला आहे. सुरुवातीच्या काळात मी सहा कपांचा एक संच पाठवला होता. प्रत्येक कप गाठोड्यासारखा गुंडाळला होता. पोहोचले तेव्हा सहाही कप शाबूत होते आणि चार कान निखळलेले होते. गुंडाळी कानावरून ताणून बसवल्यामुळे कान बाहेरून दाबला जात होता आणि आतून त्याला कशाचाच आधार नव्हता.

तेव्हापासून एक कप मी असा बांधतो. आधी मऊ कागदाची बोटभर जाडीची गुंडाळी करून ती कानाच्या पोकळीत भरतो, इतकी की कान आणि पोट मिळून एक सलग वस्तू व्हावी. मग कपाच्या आत चुरगळलेला कागद दाबून भरतो, म्हणजे काठ आतल्या बाजूने सावरला जातो. त्यानंतर साधा कागद आणि त्यावर बबल रॅपचे दोन फेरे. ते घट्ट ओढायचे नाहीत, नाहीतर बुडबुडे आधीच चपटे होतात आणि धक्का झेलायला काही शिल्लक राहत नाही. चिकटपट्टी भांड्याला कोठेही लागू देत नाही आणि तिचे एक टोक दुमडून ठेवतो, कारण गिऱ्हाइकाने कात्रीने ओरबाडून गुंडाळी सोडवताना भांडे फोडल्याचेही मी ऐकले आहे. मग खोका. खोक्याच्या सहाही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर भराव हवा; तळाचा भराव आधी घालायचा आणि झाकणाखालचा इतका द्यायचा की खोका बंद करताना हाताला किंचित विरोध जाणवावा. चुरगळलेला कागद वापरत असाल, तर तो प्रवासात बसतो हे लक्षात ठेवून वाजवीपेक्षा जास्तच भरावा. बंद केलेला खोका कानाशी धरून हलवावा. आत काहीही सरकल्याची चाहूल लागली, तर पुन्हा उघडावा. किटलीसारखी चोच असलेली किंवा मोठी भांडी असतील, तर खोक्यात खोका हाच उपाय आहे आणि दोन खोक्यांमध्येही तोच ५ सेंटिमीटरचा भराव हवा.

आणि हे सगळे खरोखर जमले आहे की नाही, हे ग्राहकाच्या दारात कळण्याआधी स्वतःच्या अंगणात पाहून घ्या. पार्सलांच्या चाचणीसाठी 'इस्टा' या संस्थेने ठरवलेल्या पद्धतींपैकी सर्वांत मूलभूत पद्धतीत हलके पार्सल सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवरून दहा वेळा टाकतात. एकदा एका कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर एकेकदा आणि सहाही बाजूंवर एकेकदा. प्रयोगशाळा नसली तरी कमरेच्या उंचीवरून हे घरी करता येते. झिलई बिघडल्यामुळे विक्रीला न जाणारी भांडी प्रत्येकाकडे पडलेली असतातच. ती नेहमीसारखी बांधून फरशीवर दहा वेळा टाका. पहिल्यांदा हात कचरतो. पण फुटलेला नग नेमका कोठे फुटला हे पाहिले, की पुढच्या बांधणीत काय बदलायचे ते आपोआप कळते.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. ही चिंता आपल्या धंद्याला जुनीच आहे. जोसाया वेजवुड या इंग्लिश कुंभाराने अठराव्या शतकात ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्यासाठी जिवाचे रान केले, त्यामागचे एक कारण हेच होते की खडबडीत रस्त्यांवरून जाताना त्याचा माल फुटत असे. १७६६ मध्ये सुरू झालेला तो कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी, १७५२ मध्ये, चीनहून परतणारे 'गेल्डरमाल्सन' हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज दक्षिण चिनी समुद्रात बुडाले. त्यावरची पोर्सेलिनची दीड लाखाच्या आसपास भांडी १९८५ मध्ये वर काढली गेली आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये त्यांचा लिलाव झाला. जहाजावर चहाही लादलेला होता आणि त्या चहाच्या थराखाली भांडी दोनशेहून अधिक वर्षे सुखरूप राहिली होती. भराव चांगला असला, की जहाज बुडाले तरी चालते! आपल्या हातातला बबल रॅप मात्र अलीकडचा आहे. १९५७ मध्ये तो भिंतीवर लावायचा नक्षीदार कागद म्हणून जन्माला आला, आणि तो भिंतीवर कोणालाच नको होता.

खर्चाची एक बाजू सांगून हे उत्तर संपवतो. बऱ्याच कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचे वजन काढताना खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्या गुणाकाराला अनेक ठिकाणी ५००० ने भागतात. ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचा खोका म्हणजे १५,००० घन सेंटिमीटर, अर्थात ३ किलो. आतला माल सव्वा किलोचा असला तरी आकारणी तिनाची होते. त्यामुळे भराव भरपूर हवा आणि खोका लहान हवा, अशी दुहेरी ओढ असते. दोन-तीन ठरावीक मापांचे खोके घेऊन त्यांत बसतील असेच आकार चाकावर घडवणे, हा त्यातला शहाणपणाचा मार्ग आहे. खोक्याच्या मापावरून कपाची उंची ठरवायची, हे ऐकायला विचित्र वाटते. पण भट्टीच्या फळीच्या मापावरून आपण ती नेहमी ठरवतोच.

प्रश्न : दुकानाला ज्या भावात माल देतो त्याच भावात ऑनलाइन द्यावा, म्हणजे ग्राहकाला स्वस्त पडेल आणि विक्री वाढेल, असे मित्र सुचवतात. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. दुकानदार मधला वाटा घेतो तो मांडणी करणे, प्रश्नांना उत्तरे देणे, कागदात गुंडाळून देणे आणि जागेचे भाडे भरणे या कामांचा घेतो. ऑनलाइन विक्रीत ही कामे नाहीशी होत नाहीत, तुमच्याकडे येतात. एका पार्सलामागे फोटो, लेखन, निरोपांची उत्तरे, बांधणी आणि पाठवणी यांत किती मिनिटे गेली, हे पंधरा दिवस घड्याळ लावून लिहून ठेवा. आकडा पाहून मित्रही सल्ला मागे घेतील. शिवाय तुमचाच कप तुम्ही दुकानापेक्षा स्वस्त विकू लागलात, तर दुकानदार तो का ठेवील?

हिशेबातल्या दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे भट्टीत घातलेल्या नगांवर खर्च विभागणे. चाळीस कप घातले आणि चौतीस विकण्याजोगे निघाले, तर माती, इंधन आणि मजुरी चौतिसांवरच विभागली पाहिजे. दुसरी चूक टक्केवारीची आहे. विक्रीसाठीची वेबसाइट, पैसे स्वीकारण्याची सेवा आणि जाहिरात मिळून विक्रीच्या किमतीतून २० टक्के जाणार असतील आणि हातात १०० उरायला हवे असतील, तर किंमत १२० ठेवून भागत नाही. १२० मधून २० टक्के गेले की ९६ उरतात. १०० ला ०.८ ने भागून १२५ ठेवावे लागतात. फुटून पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या नगांचा भारही स्वतःच्या नोंदींवरून त्यातच धरावा. ज्या महिन्यात फूट होईल त्या महिन्यात खिशातून घालू असे म्हणणाऱ्यांचा खिसा फार दिवस पुरत नाही.

प्रश्न : ग्राहक सतत विचारतात की भांडी मायक्रोवेव्हमध्ये आणि डिशवॉशरमध्ये चालतात का. बाकीचे विक्रेते सर्रास "चालतात" असे लिहितात. आम्हीही लिहावे का?

उत्तर : तपासल्याशिवाय लिहू नये. मायक्रोवेव्हच्या बाबतीत मुख्य प्रश्न असा की तुमची भाजलेली माती पाणी किती शोषते. त्याच मातीचा, त्याच भट्टीत भाजलेला, झिलई न लावलेला तुकडा पूर्ण वाळवून त्याचे वजन करा, तो पाच तास पाण्यात उकळून त्याच पाण्यात आणखी २४ तास ठेवा आणि वरवर पुसून पुन्हा वजन करा. ३०० ग्रॅमचा तुकडा ३०९ ग्रॅम झाला, तर शोषण ३ टक्के आहे. १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे पक्व झालेले स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली माती, सहसा याच्या खालीच राहते. १००० ते ११०० अंशांच्या आसपास भाजलेली लाल माती बरीच जास्त शोषते, मुरलेले पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापते आणि भांडे चटका देते किंवा तडकते. सोनेरी किंवा रुपेरी धातूची रेघ असेल, तर प्रश्नच मिटला, ठिणग्या उडतात. डिशवॉशरमधली पावडर क्षारीय असते आणि ती मंद चमकेच्या काही झिलया हळूहळू निस्तेज करते, म्हणून स्वतःच्या दोन-तीन भांड्यांना काही महिने रोज त्यातून काढून पाहावे.

याहून महत्त्वाची गोष्ट लोक विचारतच नाहीत, ती म्हणजे झिलईतून शिसे किंवा कॅडमियम अन्नात उतरते का. लिंबाची फोड रात्रभर ठेवून झिलईचा रंग उडतो का ते पाहण्याची घरगुती चाचणी अनेकजण करतात. रंग उडाला तर झिलई कच्ची आहे हे नक्की ठरते. रंग टिकला म्हणून ती निर्धोक ठरत नाही, कारण शिसे रंग न बदलताही उतरू शकते. प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास भांड्यात ठेवून त्यात किती धातू उतरला ते मोजतात. वापराच्या प्रत्येक झिलईची ही चाचणी एकदा करून घ्या आणि झिलईची कृती किंवा भाजणी बदलली, तर पुन्हा करा. जेथे माल पाठवणार तेथील मर्यादा वेगळ्या असू शकतात, त्या पाठवण्याआधी पाहाव्यात. शोभेची भांडी शोभेचीच आहेत, असे बुडावर आणि वर्णनात दोन्हीकडे लिहावे.

प्रश्न : स्वतःचे संकेतस्थळ काढावे, की तयार बाजारपेठेत दुकान उघडावे?

उत्तर : आधी तयार बाजारपेठ. २००५ साली सुरू झालेल्या 'एट्सी'सारख्या ठिकाणी हातच्या वस्तू शोधणारे लोक आधीच आलेले असतात; तुमच्या संकेतस्थळावर त्यांना तुम्हालाच आणावे लागेल. पण नियम आणि शुल्क त्यांच्या हातात असते, आणि ग्राहकही मुळात त्यांचाच असतो. वर्षभरात कोणते आकार चालतात आणि पार्सले कशी टिकतात हे समजले, की स्वतःचे साधे संकेतस्थळ काढावे. समाजमाध्यमांवर चाक फिरतानाचे व्हिडिओ खूप पाहिले जातात, म्हणून तेही करावेत. पाहणारे आणि घेणारे एकच असतात, असे मात्र धरून चालू नये.

प्रश्न : (पहिल्याच पत्रलेखिकेने पत्राच्या कडेला लिहिलेला.) सासरे विचारतात, टिचकीच्या आवाजाचे काय?

उत्तर : तो पाठवता येतो. भांडे तळहातावर बुडापाशी अलगद तोलून धरा, कारण मुठीत धरलेले भांडे वाजत नाही. मग काठाजवळ बोटाच्या पेराने एकदा टिचकी मारा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा. आठ-दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. पक्के भाजलेले स्टोनवेअर खणखणीत वाजते आणि आत कोठे चीर असेल तर बद्द आवाज येतो, हे जाणणारे ग्राहक आहेत आणि ते अशा व्हिडिओवर थांबतात. कमी तापमानाला भाजलेल्या लाल मातीचा आवाज मुळातच दबका असतो, त्यामुळे त्या भांड्यांसाठी हा प्रकार करू नये. लोक उगाच शंका घेतील. ध्वनिमुद्रण करताना खोलीतला पंखा बंद ठेवा, आणि पाठवण्याआधी प्रत्येक नग सासऱ्यांकडून एकदा वाजवून घ्या. झिलईखाली लपलेली चीर डोळ्यांना दिसत नाही, पण त्यांच्या कानाला ती लगेच कळेल.